माणसाची पावलं न पडलेल्या जागा आणि आपले जंतू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्फाखालची तळी, खोल गुहा, मंगळ या विषयांवर मी शाळा-कॉलेजांत आणि ट्रेकिंगच्या मंडळींसमोर बोलते. बोलणं संपलं की प्रश्न येतात, घरी गेल्यावर मेसेज येतात, आणि त्यातले बरेचसे तेच तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात दुसऱ्याचा धागा आला तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जंतू तर सगळीकडेच असतात. मग जंतूंनी एखादी जागा प्रदूषित होते म्हणजे नेमकं काय?

जंतू सगळीकडे असतात हे खरं, पण सगळीकडे तेच जंतू नसतात. लोणच्याच्या बरणीत उष्टा, ओला चमचा घालू नको असं आजी का सांगायची? बरणीतही सूक्ष्मजीव आहेतच, पण मीठ, तेल आणि आंबटपणा यांत तगून राहणारे मोजकेच. चमच्याबरोबर बाहेरचे जातात, त्यांना लागणारं पाणीही जातं आणि बरणीचा सगळा हिशोब बदलतो. अंटार्क्टिकाच्या बर्फाखालचं तळं किंवा लाखो वर्षं बंद असलेली गुहा ही अशीच मुरलेली बरणी आहे. तिथे पोहोचणारा माणूस, त्याचं यंत्र, त्याचा दोर, त्याचा डबा, सगळे ओले चमचे.

२. माणसाचे जंतू पोहोचलेच नाहीत अशा जागा पृथ्वीवर अजून उरल्या आहेत का?

आहेत, पण झपाट्याने कमी होत आहेत. अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली शेकडो तळी सापडली आहेत आणि त्यांतली फारच थोडी माणसाने उघडली आहेत. समुद्रतळाखालचे खोल थर, गुहांचे न शिरलेले भाग आणि अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्यांमधले काही कोपरेही या यादीत येतात. या दऱ्यांत जवळपास पाऊस-बर्फ पडतच नाही. तिथले काही जीव वालुकाश्माच्या आत, दगडाच्या कणांमधल्या पोकळीत राहतात. बाहेरून पाहिलं तर नुसता दगड.

३. एका माणसाबरोबर असे किती जंतू जात असतील?

माणसाच्या शरीरात आणि शरीरावर मिळून सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. ते सगळे काही बाहेर पडत नाहीत. पण त्वचेचे कण सतत झडतात, आपण बोलतो, शिंकतो, आणि लाखो जिवाणू आसपास पसरतात. आंघोळ करून गेलं म्हणजे झालं, असं नाही. त्यात बुटांच्या तळव्यातली माती, वेल्क्रोत अडकलेलं बी, पाठपिशवीच्या शिवणीतली धूळ आणि खाण्याचे पदार्थ धरा. माझ्या मते बुटांवरची माती सगळ्यांत वाईट, कारण चिमूटभर मातीत हजारो जातींचे जीव असतात आणि त्यांना थंडी-उपासमारीची सवय आपल्या त्वचेवरच्या जिवाणूंपेक्षा कितीतरी जास्त असते.

४. एवढ्या थंडीत ते मरत नाहीत?

बरेच मरतात, पण सगळे नाही. थंडी हे जिवाणू मारण्याचं नव्हे, टिकवण्याचं साधन आहे. प्रयोगशाळांमध्ये जिवाणूंचा साठा उणे ८० अंशांवर वर्षानुवर्षं ठेवतात तो याच कारणाने.

अंटार्क्टिकावर गेलेल्या सुरुवातीच्या मोहिमांनी मागे टाकलेल्या सामानात यीस्टचाही साठा होता. १९६२ साली शास्त्रज्ञांनी सुमारे ५० वर्षं जुनं ते यीस्ट तपासलं, तेव्हा त्यातून जिवंत सूक्ष्मजीव वाढले. ज्या माणसांनी ते तिथे नेलं त्यांच्यातले कितीतरी तोवर हयात नव्हते.

एव्हरेस्टच्या साउथ कोलवरून, म्हणजे शिखराखालच्या सुमारे ७,९०० मीटर उंचीच्या खिंडीतून आणलेल्या मातीचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात माणसाच्या नाका-तोंडात आणि त्वचेवर आढळणारे स्टॅफिलोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस मिळाले. गिर्यारोहकांच्या खोकल्या-शिंकांतून पडलेले हे जीव तिथे गोठून पडून राहतात, असा संशोधकांचा अर्थ. दरवर्षी महाराष्ट्रातूनही मुलं-मुली त्या वाटेने जातात, म्हणून हे उदाहरण मी आवर्जून सांगते.

५. ते नुसते गोठून पडले, वाढत नाहीत. मग बिघडलं काय?

मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून उत्तर जरा लांब देते.

पहिलं कारण सरळ आहे. आज वाढत नाहीत म्हणजे कधीच वाढणार नाहीत असं नाही. बर्फ वितळतो, पाणी सुटतं, ऊब येते. शिवाय जिवाणू एकमेकांना जनुकं देतात. प्रतिजैविकांना दाद न देण्याचं जनुक आपल्या आतड्यातल्या जिवाणूकडून तिथल्या एखाद्या जिवाणूकडे जायला मूळ जिवाणूने फार दिवस जगायचीही गरज नसते.

पण मला जास्त सलतं ते दुसरं कारण. अशा जागेकडे आपण एकच मोठा प्रश्न घेऊन जातो: इथे कोण राहतं, आणि प्रकाशाशिवाय, अन्नाशिवाय, लाखो वर्षं एकटं राहून ते कसं जगतं? आपले जंतू एकदा तिथे शिरले की हा प्रश्न पुन्हा स्वच्छपणे विचारताच येत नाही. पुढच्या प्रत्येक नमुन्यावर शंका राहते की हे मूळचे की आपण आणलेले. झाड तोडलं तर नवं लावता येतं, निदान तसा प्रयत्न तरी करता येतो. इथे तोडलं जातं ते पुराव्याचं मूळ. आणि आपल्या नंतर येणाऱ्या, आपल्याहून चांगली उपकरणं असणाऱ्या माणसांचा हा प्रश्न आपण त्यांना न विचारता खर्च करून टाकतो.

६. व्होस्टोक तळ्याचं नाव नेहमी येतं. तिथे काय झालं?

अंटार्क्टिकाच्या पूर्व भागात, सुमारे पावणेचार किलोमीटर बर्फाखाली, व्होस्टोक हे प्रचंड तळं आहे. लांबी सुमारे २५० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते सातारा. वरच्या रशियन केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. खाली मात्र पृथ्वीच्या पोटातली ऊब आणि बर्फाचा दाब यांमुळे पाणी द्रवरूप राहतं.

रशियन पथक तिथे आधीपासून बर्फाचे गाभे, म्हणजे बोअरमधून निघणारे बर्फाचे लांब दंडगोल, काढत होतं, जुन्या हवामानाचा अभ्यास करायला. खोल बर्फात बोअर मारलं की भोवतालच्या दाबाने ते आपोआप मिटत जातं. ते उघडं राहावं म्हणून त्यात रॉकेल आणि फ्रिऑन नावाचं रसायन यांचं मिश्रण भरलेलं होतं. काम चालू झालं तेव्हा खाली एवढं मोठं तळं आहे हे ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांनी हात जोडून सांगितलं, थांबा. १९९८ मध्ये तळ्याच्या सव्वाशे-दीडशे मीटर वर काम थांबवलं गेलं.

पुढे ते पुन्हा सुरू झालं आणि ५ फेब्रुवारी २०१२ रोजी ३,७६९ मीटरवर बोअर तळ्याला लागलं. रशियनांची योजना अशी की तळ्यातल्या पाण्याचा दाब जास्त असल्याने पाणीच वर चढेल, रॉकेल खाली उतरणार नाही, आणि वर चढलेलं पाणी गोठल्यावर पुढच्या हंगामात तो बर्फ काढून तपासता येईल. पाणी चढलं खरं. पण चढलं ते त्याच रॉकेलच्या नळीत. पुढच्या वर्षी त्या बर्फात एक अज्ञात जिवाणू सापडल्याची बातमी आली. थोड्याच दिवसांत त्याच संस्थेतल्या दुसऱ्या शास्त्रज्ञाने सांगितलं की हे सगळे बाहेरून आलेले आहेत. वाद आजही मिटलेला नाही, आणि त्या नमुन्यांवरून तो मिटण्यासारखाही नाही. प्र. ५ मध्ये मी जे म्हणते त्याचं याहून स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही.

रशियन लोक बेफिकीर होते असं मात्र मला वाटत नाही. त्या थंडीत त्यांनी केलेलं काम अफाट आहे. चूक मुळातली होती: बोअर सुरू केलं ते एका हेतूने आणि वापरलं दुसऱ्याच.

७. मग बोअर स्वच्छ मारता येतच नाही का?

येतं. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकी पथकाने पश्चिम अंटार्क्टिकात सुमारे ८०० मीटर बर्फाखालच्या व्हिलन्स तळ्यात प्रवेश केला तो गरम पाण्याच्या झोताने बर्फ वितळवत. तेल नाही, रॉकेल नाही. बर्फ वितळवूनच पाणी केलं होतं. ते अतिसूक्ष्म गाळण्यांतून गाळलं, अतिनील किरणांखालून नेलं आणि तापवलं. खाली सोडायची उपकरणं हायड्रोजन पेरॉक्साइडने धुतली. आणि मुख्य म्हणजे बोअरच्या पाण्यात जिवाणू किती आहेत हे ते वेळोवेळी मोजत राहिले.

फळ मिळालं. तळ्याच्या दर मिलिलिटर पाण्यात सुमारे १ लाख ३० हजार पेशी निघाल्या, जवळजवळ चार हजार प्रकारच्या. त्यांतले पुष्कळ जण अमोनिया, लोह, गंधक अशा रसायनांवर जगणारे. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा फारशी शंका कोणी घेतली नाही, कारण शंका घ्यायला जागाच ठेवली नव्हती.

ब्रिटिशांची एल्सवर्थ तळ्याची मोहीमही याच पद्धतीची होती. डिसेंबर २०१२ मध्ये बर्फातली दोन छिद्रं खाली जोडली जाईनात, इंधन संपत चाललं, आणि नाताळच्या दिवशी त्यांनी काम थांबवलं. इतक्या वर्षांची तयारी, आणि तळ्याला हात न लावता परत! त्या निर्णयाबद्दल मला फार आदर वाटतो.

८. सापडलेला जिवाणू तिथला की आपला, हे ओळखतात कसं?

कोऱ्या नमुन्यांनी. जे जे तळ्याला किंवा दगडाला लागणार, त्या प्रत्येकाचा नमुना आधी घेऊन ठेवतात: बोअरचं पाणी, हातमोजे, बाटल्या, प्रयोगशाळेतली हवा, डीएनए काढायची रसायनंसुद्धा. बाजारात मिळणाऱ्या रसायनांच्या संचांतही जिवाणूंच्या डीएनएचे अवशेष असतात. नमुन्यात मुळात जीव कमी असले की हे अवशेषच ठळक दिसतात. कोऱ्या नमुन्यात जे दिसलं ते यादीतून वजा करायचं. कधी बोअरच्या पाण्यात चमकणारे सूक्ष्म मणी सोडतात. ते मणी नमुन्याच्या आत सापडले, तर बाहेरचं पाणीही आत शिरलंय हे उघड.

चूक कुठेही होऊ शकते. अपोलो १२ च्या यात्रींनी १९६९ मध्ये चंद्रावरच्या जुन्या सर्व्हेयर ३ यानाचा कॅमेरा परत आणला. त्यात माणसाच्या तोंडातला एक स्ट्रेप्टोकोकस सापडला आणि तो चंद्रावर अडीच वर्षं जगला असं जगभर छापलं गेलं. पुढे जुन्या नोंदी आणि चित्रफिती तपासल्यावर दिसलं की तो पृथ्वीवर कॅमेरा हाताळतानाच आत गेला असण्याची शक्यता जास्त आहे.

९. गुहांबद्दलही हेच लागू होतं का? तिथे तर वटवाघळं, पाणी, हवा सगळं येत-जात असतं.

उथळ गुहांमध्ये येतं-जातं, खोल गुहांची गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधली लेचुगिया गुहा १९८६ मध्ये ढिगारा उपसल्यावर उघडली. आज तिची मोजलेली लांबी २४० किलोमीटरच्या आसपास आहे. तिच्या खोल भागांत, सुमारे ४० लाख वर्षं बाहेरच्या जगाशी संबंध नसलेल्या भिंतींवरून घेतलेले जिवाणू २०१२ मध्ये तपासले, तर त्यांतले काही आज दवाखान्यात वापरल्या जाणाऱ्या कितीतरी प्रतिजैविकांना दाद देईनात. म्हणजे प्रतिजैविकांना न जुमानण्याची कला माणसाच्या औषधांच्या कितीतरी आधीची. हा शोध लागू शकला तो त्या भिंती स्वच्छ राहिल्या म्हणून.

त्याच गुहेतली दुसरी बाजू सांगते. तिथे आठ-आठ दिवस मुक्काम करावा लागतो. पिण्याचं पाणी काढायला एका डबक्यात प्लॅस्टिकची नळी सोडून ठेवलेली होती. काही काळाने त्या पाण्यात आतड्यातले कोलिफॉर्म जिवाणू दिसू लागले, आणि ते जाईनात. शोध घेतल्यावर कळलं की नळीच्या प्लॅस्टिकमधून झिरपणाऱ्या रसायनांवर नळीत जिवाणूंचा थर पोसला जात होता. जंतू माणसाने आणले आणि त्यांच्या जेवणाची सोयही माणसानेच लावली. तिथे आता मलमूत्रसुद्धा पिशव्यांत भरून वर आणतात.

१०. जनावरांना, पक्ष्यांना याचा त्रास झाल्याचं खरोखर काही उदाहरण आहे का?

आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी आलेली वटवाघळं दिसली. ही बुरशी युरोप-आशियातली. तिथल्या वटवाघळांना ती मारत नाही. अमेरिकेतल्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती. तेव्हापासून लाखो वटवाघळं मेली. ही बुरशी नेमकी कोणाच्या बुटाबरोबर आली हे कोणी पाहिलेलं नाही, पण माणसानेच समुद्रापार नेली हा सर्वांत पटणारा खुलासा आहे.

पेंग्विनांच्या बाबतीत पुरावा अर्धवट आहे. अंटार्क्टिकातल्या, ऑस्ट्रेलियाच्या मॉसन केंद्राजवळच्या पेंग्विनांच्या रक्तात कोंबड्यांना होणाऱ्या एका विषाणूजन्य रोगाची प्रतिपिंडं (रोगाशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) सापडल्याचं १९९७ मध्ये छापून आलं. कोंबडीच्या मांसाबरोबर हा विषाणू गेला असावा असा अंदाज आहे. पेंग्विन आजारी पडल्याचं मात्र दिसलं नाही.

११. अंटार्क्टिकात बर्ड फ्लू माणसांनी नेला का?

नाही. एच५एन१ २०२३ च्या शेवटी दक्षिण जॉर्जियाच्या बेटांवर आणि २०२४ च्या सुरुवातीला अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर पोहोचला तो स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांबरोबर. पण वसाहतीवसाहतींत तो बुटांवरून फिरू नये म्हणून पर्यटकांना आता जमिनीवर बसायला आणि पिशवी ठेवायलाही मनाई असते.

१२. वारा आणि पक्षी जंतू नेतातच, मग माणसावरच एवढे नियम कशाला?

प्रश्न रास्त आहे. वारा धूळ नेतो, स्कुआ पक्षी नेतात, आणि हे लाखो वर्षं चालू आहे. पण वारा चार किलोमीटर बर्फाखाली जात नाही, बंद गुहेच्या शेवटच्या दालनात जात नाही. जिथे तो जातो तिथेही वाटेत ऊन, कोरडेपणा आणि अतिनील किरण बहुतेकांना मारतात. माणूस मात्र आपले जंतू उबदार कपड्यांत, डब्यांत, विमानाने, काही तासांत, जिवंत पोहोचवतो.

१३. भारताचा यात काय संबंध? आपली केंद्रं काय करतात?

संबंध जवळचा आहे. अंटार्क्टिकावर मैत्री १९८९ पासून आणि भारती २०१२ पासून चालू आहे. या मोहिमांचं सगळं नियोजन गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून होतं. मैत्री ज्या शिर्माकर ओअॅसिसमध्ये आहे तो उघड्या खडकांचा आणि लहानमोठ्या तळ्यांचा भाग. केंद्राला पाणी मिळतं ते शेजारच्या प्रियदर्शिनी तळ्यातून, म्हणून सांडपाणी कुठे जातं हा तिथे रोजचा प्रश्न.

अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणासाठीच्या १९९१ च्या माद्रिद करारनाम्यानुसार तिथे परकी जनावरं, झाडं, सूक्ष्मजीव परवान्याशिवाय नेता येत नाहीत. स्लेज ओढणारी कुत्रीसुद्धा १९९४ पर्यंत परत आणावी लागली. भारताने २०२२ मध्ये स्वतःचा अंटार्क्टिक कायदा केला. त्यात सूक्ष्मजीवांचा स्पष्ट उल्लेख आहे.

एक गोष्ट लोकांना खटकते आणि मलाही. करारनाम्यानुसार बर्फमुक्त जमिनीवर सांडपाणी सोडता येत नाही, पण समुद्रात काही अटींवर सोडता येतं. मॅकमर्डो हे तिथलं सर्वांत मोठं केंद्र, आणि तिथेही सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प सुरू झाला तो २००३ मध्ये.

१४. मंगळावर पाठवायची यानं निर्जंतुक करतात म्हणजे काय करतात?

१९६७ च्या अंतराळ करारात दुसऱ्या ग्रहांना हानिकारक प्रदूषण होऊ देऊ नये असं कलम आहे. भारतही त्या करारात आहे. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेली व्हायकिंग यानं सुमारे ११२ अंशांच्या कोरड्या उष्णतेत तीसेक तास भाजून काढली होती. आज सगळं यान भाजत नाहीत, नाजूक इलेक्ट्रॉनिक्स टिकत नाही. भाग वेगवेगळे पुसतात, तापवतात आणि दर चौरस मीटरला सरासरी ३०० बीजाणूंची (जिवाणूंच्या सुप्त, चिवट रूपांची) मर्यादा पाळतात. जिथे पाणी असण्याची शक्यता आहे तिथे जाणाऱ्या यानांना नियम याहून कडक.

क्युरिऑसिटी रोव्हरच्या वेळी छिद्र पाडायचं एक पातं उड्डाणाआधीच बसवलं गेलं, निर्जंतुक पेटी उघडून. उद्देश चांगला होता, उतरताना बिघाड झाला तर निदान एक पातं तरी हाताशी असावं. पण त्यामुळे रोव्हरचा दर्जा बदलला आणि ओलावा असू शकेल अशा जागांपासून तो दूर ठेवावा लागतो.

काही यानांचा शेवटही याच विचाराने ठरतो. गॅलिलिओ २००३ मध्ये गुरूत आणि कॅसिनी २०१७ मध्ये शनीत मुद्दाम बुडवली, कारण इंधन संपल्यावर ती युरोपा किंवा एन्सेलाडस या बर्फाखाली समुद्र असलेल्या चंद्रांवर आदळण्याचा धोका होता.

१५. एवढी स्वच्छता करूनही यानांवर जंतू उरतात कसे?

आपण जितकं घासू तितके चिवट उरतात. टर्सिकोकस फिनिसिस हा जिवाणू फ्लोरिडा आणि फ्रेंच गयाना इथल्या, एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या दोन यान-जोडणीच्या खोल्यांत सापडला. अन्न नाही, ओल नाही, औषधांचा मारा, आणि तरी हा तिथे.

१६. चंद्रावर नियम एवढे सैल का?

कारण तिथे आपले जंतू वाढण्याची शक्यता जवळपास नाही. अपोलोच्या यात्रींनी मलमूत्राच्या पिशव्या तिथेच सोडल्या. ११ एप्रिल २०१९ ला कोसळलेल्या इस्रायली बेरेशीट यानात सुकवलेले काही हजार टार्डिग्रेडही (अतिशय चिवट, सूक्ष्म आठपायी प्राणी) होते. ध्रुवांजवळच्या कायम अंधाऱ्या विवरांत बर्फ आहे. तिथे मात्र आता काय काय नेलं याची यादी द्यावी लागते.

१७. माणूस मंगळावर उतरला की हे सगळे नियम निरर्थक होणार ना?

माणूस निर्जंतुक करता येत नाही, तो तसा झाला तर जगणारच नाही. सूट गळतात, हवेचे दरवाजे उघडतात. म्हणून माणसाने कुठे जायचं आणि कुठे फक्त यंत्राने, असे विभाग पाडण्याचा विचार चालू आहे. माझं मत विचाराल तर मंगळावरचं जीवन शोधायचं काम माणूस उतरण्याआधी जेवढं उरकेल तेवढं उरकावं. नंतर व्होस्टोकसारखी गत होईल (प्र. ६).

१८. महाराष्ट्रात अशी एखादी जागा आहे का?

माणूस न पोहोचलेली नाही, पण सूक्ष्मजीवांच्या दृष्टीने दुर्मीळ अशी आहे: बुलढाण्याचं लोणार. उल्केच्या आघाताने बेसॉल्ट खडकात झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, आणि त्यात खारट, तीव्र अल्कधर्मी पाणी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यात मिठात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव असल्याचं दाखवलं. त्याच वर्षी लोणारला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. या तळ्याला मारक ठरतं ते गावाचं सांडपाणी, साबण आणि वाढत जाणारं गोडं पाणी. हे प्रकरण नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. पाण्याचा खारेपणा उतरला की तिथल्या खास जीवांची जागा कुठेही सापडणारे जीव घेतात.

१९. मी गुहांमध्ये, डोंगरांत फिरतो. नेमकं काय करू?

एका गुहेतून थेट दुसरीत जाऊ नका. गेलातच तर बूट, दोर, कपडे आधी घासून चिखल काढा आणि ज्यांना चालेल ते ५५ अंशांच्या वर गरम पाण्यात किमान २० मिनिटं बुडवून ठेवा. वटवाघळांची बुरशी यात मरते. दोर बनवणाऱ्याच्या सूचना आधी वाचा, जीव त्याच्यावर असतो. खाताना खाली कापड अंथरा म्हणजे चुरा सांडणार नाही. आतल्या पाण्यात हात घालू नका, बाटली बुडवू नका. अंटार्क्टिकाला पर्यटक म्हणून जाणार असाल तर नवे बूट घेण्यापेक्षा जुन्या बुटांचे खाचे दातकोरणीने साफ करा आणि खिशांचे कोपरे उलटे करून झटका. जहाजावर हे पुन्हा तपासतात.

२०. जागा एकदा बिघडली तर औषध मारून पूर्ववत करता येते का?

फ्रान्समधल्या लास्कोच्या चित्रगुहेत हा प्रयत्न साठ वर्षं चालू आहे. १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली, श्वासांनी आणि दिव्यांनी भिंतींवर हिरवी शेवाळं आली, १९६३ मध्ये बंद केली. २००१ मध्ये फ्युझेरियम बुरशीचा पांढरा थर आला. त्यावर जंतुनाशक मारलं. बुरशी हटली, पण जंतुनाशक पचवू शकणारे जिवाणू माजले आणि पुढे काळे डाग आले. आज आत मोजकीच माणसं, मोजकी मिनिटं जातात.

२१. कोणाचा जीव धोक्यात असेल तर? तेव्हाही परवाना मागत बसायचं?

नाही. माद्रिद करारनाम्यातच माणसाच्या जिवाला, जहाजाला किंवा विमानाला धोका असेल तेव्हा हे नियम बाजूला ठेवण्याची तरतूद आहे. मात्र नंतर काय केलं ते सगळ्या सदस्य देशांना कळवावं लागतं. गुहेतही तसंच: जखमी माणसाला आधी बाहेर काढा. कुठल्या दालनातून कोण गेलं, काय सांडलं, काय मागे राहिलं याची नोंद त्याच रात्री लिहून ठेवा, आठवणीवर सोडू नका. पुढे तिथून नमुना घेणाऱ्याला ती नोंद प्र. ८ मधल्या कोऱ्या नमुन्याइतकीच उपयोगी पडते.